घरासाठी एस्प्रेसो मशीन घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्यापैकी बहुतेकांना ‘एस्प्रेसो’ हा शब्द पहिल्यांदा भेटला तो लग्नाच्या मांडवात. पंगतीपासून थोडे बाजूला एक उभे, चकचकीत यंत्र असायचे. खाली गॅस, वर दाब दाखवणारा काटा आणि बाजूला एक वाकडी नळी. वाढपी जगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घेऊन त्या नळीखाली धरायचा, मोठा फुसफुसाट व्हायचा आणि फेसाळ कॉफी कपात यायची. वरून चॉकलेटी पूड. ती कॉफी वाईट नसते. आजही एखाद्या रिसेप्शनला दिसली की आम्ही दोनदा घेतो. पण ती एस्प्रेसो नाही. त्या यंत्रात एस्प्रेसो मशीनचे फक्त निम्मे अंग असते, वाफेचे. दाबाखालच्या गरम पाण्याने कॉफी उतरवण्याचे उरलेले निम्मे त्यात नसतेच.

हे आधी सांगायचे कारण म्हणजे अलीकडे पिरनवाडी, मच्छे, टिळकवाडी भागातल्या काही घरांतून खऱ्या एस्प्रेसो मशीनची चौकशी होऊ लागली आहे. बेंगळुरू, पुण्याला किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलामुलींना त्या कॉफीची चव लागलेली असते. गणपतीला घरी आले की विषय निघतो, “आई-बाबा, आपल्याकडे एक चांगले मशीन घेऊया.” चांगले म्हणजे लाखाच्या पुढचे. वर पाच-सहा लाखांपर्यंतही किंमत जाते. दुचाकी घ्यायची तर आपण दहा जणांना विचारतो, चालवून बघतो, मेकॅनिकचा सल्ला घेतो. इथे विचारायला शेजारीपाजारी कोणी नसते आणि जाहिरातीतले आकडे डोक्यावरून जातात. म्हणून आमच्यापैकी जे असे मशीन घरी वापरतात आणि जे कारखान्यात पंप, व्हॉल्व्ह, भट्ट्या यांच्यावर काम करतात, अशा दोघांच्या अनुभवातून हा लेख लिहिला आहे.

घ्यायचे की नाही

आधी घरात कोण काय पिते ते बघा. आपल्या घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली, उपासाला किंवा पाहुणे आल्यावर होणारी. कन्नड शेजाऱ्यांकडे गेलो की पितळी फिल्टरमधली डिकॉक्शनची कॉफी मिळते. चहाचा महाराष्ट्र आणि कॉफीचे कर्नाटक आपल्याकडे एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे दोन्ही सवयी आपल्याला आहेत. घरातल्या सगळ्यांना हीच कॉफी आवडत असेल तर मशीन घेऊ नका. त्यासाठी एक फिल्टर आणि ताजी पूड पुरते. दोन लाखांच्या मशीनमधून जायफळाची कॉफी काही अधिक चांगली होत नाही.

आता थोडा हिशेब. मशीन आणि दळायचे यंत्र मिळून दोन लाख रुपये धरा. रोज दोन कप केले आणि मशीन दहा वर्षे चालले तर 7300 कप होतात. म्हणजे कपामागे यंत्राचा खर्च साधारण 27 रुपये. एका कपाला 18 ग्रॅम बिया लागतात. किलोला 1800 रुपये भाव धरला तर त्याचे 32 रुपये. दूध आणि वीज सोडून कप 60 रुपयांच्या आत पडला. मोठ्या शहरातल्या कॅफेच्या मानाने हे स्वस्तच. पण तेच मशीन फक्त रविवारी चालले तर दहा वर्षांत 520 कप होतात आणि यंत्राचाच खर्च कपामागे 385 रुपये होतो. मुले वर्षातून तीनदा घरी येतात तेव्हाच ते चालू होणार असेल तर आकडा लिहायलाच नको. असे मशीन बंद पडून राहिले तर आतल्या रबरी रिंगा कोरड्या पडतात, टाकीतले पाणी शिळे होते. तेव्हा प्रश्न ऐपतीचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. इथे राहणारे, रोज सकाळी उठून ते चालू करणारे माणूस घरात आहे का?

नऊ बार म्हणजे काय

बारीक दळलेली कॉफी, साधारण 18 ग्रॅम, दांडा लावलेल्या धातूच्या वाटीत घ्यायची आणि दाबणीने सपाट दाबायची. या दांड्याच्या वाटीला पोर्टाफिल्टर म्हणतात. ती मशीनच्या तोंडाला अडकवली की 90 ते 96 अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे 9 बार दाबाने त्या थरातून ढकलले जाते. 25 ते 30 सेकंदांत सुमारे 36 ग्रॅम दाट पेय खाली उतरते आणि वर तांबूस-सोनेरी फेस येतो, तो क्रेमा. 9 बार म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या साधारण चौपट दाब.

हा आकडा ठरायला बरीच वर्षे लागली. 1884 साली तुरीनच्या प्रदर्शनात अँजेलो मोरियोंदो यांनी वाफेवर चालणारे कॉफीयंत्र मांडले. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप काढून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण बॉयलरच्या वाफेचा दाब जेमतेम दीड बार, आणि पाणी उकळीवरचे, त्यामुळे कॉफी करपट व्हायची. अकिले गाज्जा यांनी 1938 मध्ये दाबाच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि 1948 मध्ये स्प्रिंगच्या दांड्याचे मशीन आणले. दांडा खाली ओढायचा, मग आतली स्प्रिंग पाण्याला ढकलते. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि क्रेमा प्रथमच दिसू लागला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई-61’ मशीनने हाताच्या दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून सूर्यग्रहण दिसले होते, त्यावरून नावातला ‘ई’. या वंशावळीत आपले लग्नातले यंत्र गाज्जांच्या आधीच्या पायरीवर आहे.

खोक्यावर ‘15 बार’, ‘20 बार’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याला भुलू नये. उद्यमबागेत हायड्रॉलिकवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. त्यांचे पंप 200 बारच्या पुढे जातात, पण जॉबवर किती दाब पडतो हे रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. इथेही तसेच. घरगुती मशीनमधला छोटा पंप पुढे वाट बंद असताना 15 बारपर्यंत जाऊ शकतो. कॉफीवर मात्र 9 बारच हवेत. वरचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह आहे का, तो बाहेरून जुळवता येतो का आणि समोर गेज आहे का, हे विचारा. पंपाचे दोन प्रकार आहेत. एक कंप पावणारा. तो स्वस्त, आवाज करणारा, पण बदलायला सोपा असतो. दुसरा फिरणारा, म्हणजे रोटरी. तो शांत, महाग, आणि बऱ्याच मशीनवर नळाच्या पाइपला थेट जोडता येतो. कपातल्या चवीत यांचा फरक फारसा कळत नाही. पहाटे पाचला कॉफी करणाऱ्या घरात झोपलेल्यांना मात्र नक्की कळतो.

पैसे उष्णतेचे असतात

महाग आणि स्वस्त मशीनमधला खरा फरक पाणी तापवण्याच्या पद्धतीत आहे. कॉफीला पाणी हवे 93 अंशांच्या आसपास, आणि दूध फेसाळायला वाफ हवी 120 अंशांच्या पुढची. एकाच मशीनने दोन्ही कामे कशी करायची, यावर किमती ठरतात.

पहिला मार्ग एका बॉयलरचा. आधी पाणी 93 अंशांवर ठेवून कॉफी काढायची, मग बटण दाबून तोच बॉयलर वाफेपर्यंत तापवायचा आणि दूध करायचे. पुढच्या कपासाठी पुन्हा थंड करायचा. गाज्जा क्लासिक 1991 पासून आणि रांचिलिओ सिल्विया 1997 पासून याच पद्धतीवर चालत आली आहेत. साधी, मजबूत मशीन आहेत. काळी कॉफी पिणाऱ्या एक-दोन माणसांना पुरतात. पण आपल्याकडे पाहुणे एकेकटे येत नाहीत. सहा जणांना दुधाची कॉफी द्यायची तर शेवटच्याचा कप येईपर्यंत पहिला माणूस निघायच्या तयारीत असतो.

दुसरा मार्ग समजायला आपल्या जुन्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी असते. हीट एक्स्चेंजर मशीनमध्ये हे उलटे असते. भोवती वाफेचा तापलेला बॉयलर आणि त्याच्या पोटातून जाणारी ताज्या पाण्याची नळी. टाकीतले गार पाणी त्या नळीतून जाता जाता कॉफीपुरते तापते. त्यामुळे कॉफी आणि वाफ एकाच वेळी मिळते. लेलिट मारा एक्स, रॉकेट अपार्टामेंतो ही या जातीची मशीन. यात एक खोच आहे. मशीन बराच वेळ नुसते उभे राहिले की नळीतले पाणी जास्त तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी 100 ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. जास्त तापलेले पाणी बाहेर येताना फसफसते. तो आवाज थांबेपर्यंत थोडे पाणी सोडून द्यायचे आणि मग कॉफी लावायची. चार दिवसांत कान तयार होतो. काही नव्या मशीननी सेन्सर लावून ही कटकट बरीच कमी केली आहे.

तिसरा मार्ग दोन स्वतंत्र बॉयलरचा, एक कॉफीचा आणि एक वाफेचा. फ्लोरेन्सच्या ला मार्झोक्को कंपनीने, जी 1927 मध्ये बाम्बी बंधूंनी सुरू केली, 1970 च्या ‘जीएस’ मशीनमध्ये ही पद्धत आणली. आज घरासाठी त्यांचे लिनिया मिनी, लेलिटचे बियांका, ईसीएमचे सिंक्रोनिका ही या प्रकारची नावे ऐकू येतात. कॉफीच्या बॉयलरचे तापमान एकेका अंशाने ठरवता येते. ते काम करतो पीआयडी. हे नाव ऐकून दबून जायचे कारण नाही. मच्छे-उद्यमबागेतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर जो लाल आकड्यांचा कंट्रोलर असतो, तोच हा, फक्त लहान. साधा थर्मोस्टॅट पाच-दहा अंश खाली-वर होऊ देतो, पीआयडी तो झोका जवळपास संपवतो. एका बॉयलरच्या मशीनलाही पीआयडी असेल तर चवीत सातत्य येते. आमच्या मते चवीसाठी द्यायचे पहिले जादा पैसे इथे द्यावेत. लाकडी मुठी, काळा रंग आणि फोनवरचे ॲप त्यानंतर.

बऱ्याच महाग मशीनच्या तोंडाशी एक जाड पितळी ठोकळा दिसतो. तो त्याच ई-61 चा ग्रुप, सुमारे चार किलो वजनाचा. बॉयलरमधले गरम पाणी त्यात आपोआप फिरत राहते, गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये फिरते तसेच, पंपाशिवाय. एकदा तापला की उष्णता सोडत नाही, पण तापायला अर्धा तास घेतो. सकाळी सातची बस पकडणाऱ्याने याचा विचार करावा. टायमर लावता येतो, पण बॉयलरचे यंत्र घरात सगळे झोपलेले असताना आपोआप चालू होणे आम्हाला रुचत नाही. ज्यांना उठल्या उठल्या कप हवा त्यांच्यासाठी झटपट तापणारी, छोट्या तापकाची मशीन आहेत. ब्रेव्हिल कंपनीची याबाबतीत चांगली आहेत. त्यांना कमी लेखायचे कारण नाही.

दळण

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: ग्राइंडर आधी, मशीन नंतर. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी त्याच्यासाठी बाजूला काढा. गिरणीत गेल्यावर आपण सांगतो, भाकरीला बारीक, थालीपिठाला जरा जाडसर. गिरणीवाला दोन पात्यांमधले अंतर केसभर बदलतो. एस्प्रेसोत नेमके तेच आहे. दळण जाड झाले तर पाणी दहा सेकंदांत पळून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फार बारीक झाले तर थेंब थेंब पडते आणि कडू, जळकट लागते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरने हे साधत नाही. त्याचे पाते बिया कापते, त्यामुळे काही भाग धूळ आणि काही भाग खडे होतो. दोन पात्यांमध्ये भरडणारा आणि अंतर अगदी थोडे-थोडे बदलता येणारा ग्राइंडर हवा. विजेवर चालणाऱ्यांत युरेका मिन्योन, निश झीरो ही नावे आहेत. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्येही एस्प्रेसोचे बारीक दळण देणारे आज मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. रोज दोन कपांसाठी हात दुखत नाही. घरची जाती फिरवलेली पिढी अजून आहे, ती तर हसेलच.

तयार मिळणारी फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नये. तिचे दळण वेगळे असते आणि त्यात बहुधा चिकोरी असते. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि जाळी तुंबवते.

बिघडले तर

आपल्या गावात राहून असे मशीन वापरायचे तर हा प्रश्न चवीच्या बरोबरीचा आहे. विकणारे बहुतेक बेंगळुरू, मुंबई, दिल्लीकडचे. 25-30 किलोचे मशीन खोक्यात भरून पाठवणे म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा धोका. वॉरंटी आहे असे ऐकून समाधान मानू नका. माणूस घरी येणार की मशीन पाठवावे लागणार, पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि पार्ट भारतात साठवलेले असतात की इटलीहून मागवतात, हे तीन प्रश्न लेखी विचारा. मूळ खोके आणि आतले फोम निदान वॉरंटीभर माळ्यावर ठेवा.

आता आपली जमेची बाजू. जुन्या इटालियन पद्धतीचे मशीन उघडले तर आत काय असते? पितळी जोड, तांब्याच्या नळ्या, पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, हीटर. फौंड्री आणि हायड्रॉलिकसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहरात हे सगळे ओळखणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. पाना लावून उघडता येणारे आणि जगभर एकाच मापाचे पार्ट वापरणारे मशीन वीस वर्षेही दुरुस्त होत राहते. 58 मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर आणि ई-61 ग्रुप यांचे गॅस्केट, जाळ्या अनेक कंपन्या बनवतात. याउलट, टच स्क्रीन आणि एकसंध सर्किट बोर्डवर चालणाऱ्या मशीनचा बोर्ड गेला की कंपनीवाचून गत्यंतर नाही. दोन्हींची चव सारखी आली तरी आम्ही आपल्या गावासाठी पहिले निवडू.

मात्र कारखान्यातल्या मित्राला एक गोष्ट सांगून ठेवा. हायड्रॉलिकच्या कामाची काळी नायट्राइल ओ-रिंग माप जुळले म्हणून बसवू नये. ती तेलासाठी असते, वाफेत कडक होऊन तडकते. इथे ईपीडीएम किंवा फूड-ग्रेड सिलिकॉन रिंग लागते. ग्रीसही फूड-ग्रेड सिलिकॉनचेच. ईपीडीएमला खनिज तेलाचे ग्रीस लागले तर ती फुगते, आणि मुख्य म्हणजे ते तेल आपल्या पोटात जाते. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट करून किंवा बुजवून गळती थांबवणे हा प्रकार तर कोणीच करू नये.

पाणी आणि वीज

चांगली मशीन जुनी होऊन मरत नाहीत, क्षाराने मरतात. गिझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या पातेल्यात पांढरा थर जमतो, तोच थर बॉयलरच्या भिंतीवर, सेन्सरवर आणि केसाएवढ्या बारीक छिद्रांत जमतो. एकाच गल्लीत विहिरीचे, बोअरचे आणि नळाचे पाणी वेगवेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात पाण्याचा जडपणा मोजायचे थेंबांचे किट मिळते. त्याने घरचे पाणी तपासा. कॅल्शियमचा जडपणा लिटरला 50 ते 70 मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर चव आणि मशीन दोन्हींना मानवतो. बोअरचे पाणी बहुधा याच्या बरेच वर असते.

“आमच्याकडे आरओ आहे” हे उत्तर पुरेसे नाही. आरओने पाणी अगदीच निःसत्त्व केले तर कॉफी सपक लागते आणि असे पाणी धातूला हळूहळू खाते. शिवाय बॉयलर भरला की नाही हे ओळखणारी सळई पाण्यातल्या क्षारांमधून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते. क्षारच नसतील तर तिला पाणी दिसत नाही. आरओच्या पाण्यात थोडे साधे गाळलेले पाणी मिसळून, पुन्हा थेंबांनी तपासून प्रमाण ठरवणे हा सोपा उपाय. लहान, एका बॉयलरचे मशीन सायट्रिक ॲसिडने घरी साफ करता येते. मोठ्या बॉयलरच्या मशीनमध्ये ते काम अवघड आहे, सुटलेला थर पुढे जाऊन व्हॉल्व्ह तुंबवतो. तिथे क्षार साचूच न देणे हाच मार्ग.

विजेचे थोडक्यात. मशीन 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचे हवे. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने तिथून आणलेले 110 व्होल्टचे मशीन ट्रान्स्फॉर्मर लावूनही नीट चालेलच असे नाही, कारण तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि कंपनावर चालणारा पंप त्या हिशेबाने बनवलेला असतो. वेगळे 16 अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवेच. पाणी, धातू आणि ओला हात इथे एकत्र येतात. दोन्ही बॉयलर एकदम तापताना गिझरएवढी वीज ओढली जाऊ शकते, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन जोडू नका. पावसाळ्यात वीज जाते-येते त्या दिवसांसाठी हाताने दाब देणारी, वीज न लागणारी छोटी यंत्रेही मिळतात, फ्लेअर किंवा कॅफेलाट रोबोट यांसारखी. त्यांना पाणी गॅसवर उकळून घ्यायचे. काळी एस्प्रेसोच आवडत असेल आणि घरात पिणारा एकटाच असेल तर दोन लाखांचा विचार सोडून आधी हे घ्या, असे आम्ही उघड सांगतो. चवीत ती मोठ्या मशीनच्या फार मागे नाहीत.

दूध, बिया आणि पावसाळा

वाफेने फेसाळलेले दूध 60 ते 65 अंशांवर थांबवतात. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो आणि फेस विरतो. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी ती कोमट कॉफी. कप आधी गरम पाण्याने तापवून ठेवला तर तक्रार थोडी कमी होते. नाहीतर त्यांच्या कपाला पाच अंश जास्त द्यावेत, फेस गेला तरी चालेल. गवळ्याचे दूध आधी नेहमीसारखे तापवून, साय काढून, फ्रीजमध्ये पूर्ण गार करून मगच वापरावे. म्हशीच्या दुधाची कॉफी दाट आणि जड होते. आम्हाला आवडते, पण सोबत कुंदा असेल तर साखर नको.

बियांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बाबा बुडन यांनी अरबस्तानातून सात बिया आणल्या अशी आख्यायिका ज्या डोंगराशी जोडलेली आहे तो चिक्कमगळूरचा डोंगर आपल्याच राज्यात. देशातल्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कर्नाटकात पिकते. भारतीय कॉफीचा मोठा गिऱ्हाईक इटली आहे आणि आपला रोबस्टा तिकडच्या मिश्रणांत दाट क्रेमासाठी घातला जातो. तेव्हा इटलीहून आलेले, महिनोन् महिने जुने भाजलेले पाकीट मागवणे म्हणजे आपलाच गूळ परक्या बाजारातून विकत घेणे. भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घ्या. भाजल्यानंतर आठ-दहा दिवसांनी उघडा आणि महिनाभरात संपवा. दुधाच्या कॉफीसाठी रोबस्टाचा थोडा अंश असलेली, मध्यम ते गडद भाजलेली बी चालते. काळी प्यायची तर नुसती अरेबिका.

जून लागला की एक गोष्ट हमखास होते. मे महिन्यात 28 सेकंदांत उतरणारी कॉफी त्याच बियांनी, त्याच आकड्यावर वेगळीच वागू लागते. मशीन बिघडलेले नसते. हवेतला दमटपणा बियांत आणि दळणात शिरलेला असतो. पाकीट उघडल्यावर बिया घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत वाटून ठेवाव्यात, लागतील तेवढ्याच काढाव्यात, ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात रात्रभर ठेवू नयेत. रोज सकाळचा पहिला कप वजन-काट्यावर आणि घड्याळ लावून काढावा आणि ग्राइंडर त्याप्रमाणे एक-दोन खुणा सरकवावा. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी होऊ लागली की हेच उलट दिशेने करावे लागते.